अर्ध्या पुठ्ठ्यावर

प्रिय मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून मावशी म्हणते. २० जानेवारी २००९, मंगळवार. अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षांचा, ओबामांचा शपथविधी. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर, म्हणजे संसदेसमोरच्या लांबलचक मैदानावर, जावयाशी चुकामूक होऊन रडकुंडीला आलेल्या एका बाईला तुम्ही दंडाला धरून शेजारी ओढून घेतलंत. ती मी.

शून्याखाली दोन अंश थंडी. जाड बूट घाल म्हणून मुलीनं दहादा बजावलं होतं, पण नाशिकचा गारठा बघितलेल्या बाईला कोण शिकवणार! पायात कापडी बूट होते. पहाटेच्या मेट्रोनं निघालो आणि स्टेशनातून वर येईतो जावई गर्दीत दिसेनासा झाला. फोन लागेना. तुम्ही माझ्या पायांकडे पाहिलंत, स्वतःच्या पायाखालचा खोक्याचा पुठ्ठा टरकन फाडलात आणि अर्धा माझ्याकडे सरकवलात. थंडी वरून येत नाही, जमिनीतून चढते, म्हणालात. मग हलवली की गरम होणारी एक पुडी माझ्या मुठीत कोंबलीत आणि पन्नाशी उलटलेल्या मला ‘बेबी’ म्हणालात.

पुढचे चार-पाच तास आपण त्या पुठ्ठ्यांवर काढले. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, टीव्हीवर घरबसल्या दिसलं असतं की? तेव्हा तुम्ही दीड डॉलरची गोष्ट सांगितलीत. तुमच्या व्हर्जिनियात मत द्यायचं तर वर्षाला दीड डॉलर कर, तोही तीन वर्षांचा एकदम, निवडणुकीच्या सहा महिने आधी. तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या वडिलांकडे एकाचेच पैसे जमायचे. मग वडील मत द्यायचे आणि आई बाहेर उभी राहायची. १९६६ साली सुप्रीम कोर्टानं तो कर मोडीत काढला. आईनं पहिलं मत दिलं तेव्हा तिला नातवंडं झाली होती.

मी म्हटलं, माझ्या आजीनं १९५२ साली मत दिलं. अक्षरओळख नव्हती, पेटीवरचं चित्र बघून चिठ्ठी टाकली. तुम्ही विचारलंत, किती पैसे पडले? काहीच नाही म्हटलं तर तुमचा विश्वास बसेना, पुन्हा विचारलंत. खरं सांगते, त्या दिवसापर्यंत ही काही सांगण्याजोगी गोष्ट आहे असं मलाही वाटलं नव्हतं.

मोठ्या पडद्यावर गायिका ॲरेथा फ्रँकलिन यांची ती फितीच्या भल्यामोठ्या गाठीची राखाडी टोपी दिसली आणि तुमच्या आजूबाजूच्या बायकांत टोपीवरूनच चर्चा रंगली. आमच्याकडे लग्नात पैठणीवरून होते, तश्शी. मग शपथ. ओबामांच्या बायकोच्या, मिशेलच्या हातात लिंकनचं बायबल. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक शब्द मागेपुढे केला, ओबामा अडखळले, आणि तुम्ही पडद्याकडे बघत पुटपुटलात, “घाई नको, बाळा.” दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घेतली म्हणे. ते वाचून मला तुम्हीच आठवलात.

लाखो माणसं टाळ्या वाजवत होती, पण सगळ्यांच्या हातात मोजे. अंगणात गोधड्या झटकाव्यात तसा धप धप आवाज येत होता. तुम्ही दोन्ही मोजे काढून माझ्याकडे दिलेत आणि उघड्या हातांनी टाळ्या वाजवल्यात. बराच वेळ. तळवे लाल झाले होते. मी मोजे धरून उभी.

भाषण मला जरा कोरडंच वाटलं. पण साठहून कमी वर्षांपूर्वी ज्याच्या बापाला इथल्या हॉटेलात कदाचित वाढलंही नसतं, तो आज ही शपथ घेतोय, हे वाक्य आलं तेव्हा तुम्ही डोळे मिटून घेतलेत. त्याआधी ख्रिश्चन, मुस्लिम, ज्यू यांच्या जोडीला हिंदूंचं नाव आलं, तेव्हा मला कोपरानं ढोसलंतही.

जावयाशी ठरलेल्या म्युझियमच्या दारापर्यंत तुम्ही मला हात धरून सोडलंत. तुमची चर्चची बस नेमकी उलट दिशेला होती. मी धन्यवाद म्हटलं की नुसतीच रडले, आता आठवत नाही. म्हणून आज म्हणते: मावशी, मनापासून आभार.

निघताना तुम्ही तुमचा अर्धा पुठ्ठा घडी करून पिशवीत घातलात, बसमध्ये पायाखाली लागेल म्हणून. माझा अर्धा मी तिथंच टाकला. कचरा कशाला आणलास, असं मुलगी म्हणाली असती. त्याची चुटपुट अजून आहे.

तुमची,
कापडी बुटांतली बाई