सूचना : बार्क्लोडियाड अ गाउरेसची भेट

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी आपण वेल्समधील अँगलसी बेटावरील सुमारे ५,००० वर्षे जुन्या दफन-टेकाडाला भेट देणार असून, सर्वांनी सकाळी ११ वाजता शेजारच्या पोर्थ ट्रेकास्टेल पुळणीच्या वाहनतळावर जमावे. टेकाडाच्या नावाचा अर्थ ‘राक्षसिणीची ओटी’ असा असून, १९५२-५३च्या उत्खननात येथील चुलीत बेडूक, साप व मासे यांची हाडे सापडली होती. (जेवणाचे डबे मात्र आपापले आणावेत.)

१. दालनाला कुलूप असल्यास जाळीतूनच पाहावे. त्यासाठी विजेरी आणावी.
२. सर्पिल नक्षीच्या शिळांना हात लावू नये.
३. कड्यावर वारा जोराचा असतो. मुलांचा हात सोडू नये.

शनिवारपर्यंत चिटणीसांना नावे कळवावीत.