मुद्रेची अंगठी करताना

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

लंडनला मुद्रेची, म्हणजे लाखेवर ठसा उमटवायची, अंगठी करून घेतोयस हे वाचून फार आनंद झाला. पैसे देण्याआधी एवढं वाच.

दुकानात मानचिन्हांचे (‘कोट ऑफ आर्म्स’, ढालीवरची वंशचिन्हं) तयार नमुने दाखवतील, त्यातलं काही घेऊ नकोस. इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाचं नसतं. ते एका माणसाचं आणि त्याच्या वंशजांचं असतं, आणि १४८४ साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था ते देते. दुसऱ्याचं चिन्ह घालणं म्हणजे दुसऱ्याची सही करणंच. पोपची मुद्रेची अंगठी त्याच्यामागे निकामी करतात ती याचसाठी, त्याच्या नावानं दुसऱ्या कुणी ठसा मारू नये म्हणून. २०१३ मध्ये सोळाव्या बेनेडिक्टनी पद सोडलं तेव्हाही तिच्यावर फुली कोरली. तू आपला साधा ‘वि’ घे.

हा ‘वि’च सांभाळायचा आहे. ठसा सुलट यायला कोरीवकाम उलट लागतं, म्हणजे अंगठीवर वेलांटी उजवीकडे दिसणार. देवनागरी न येणाऱ्या कारागिराला तोंडी सांगून भागायचं नाही. कागदावर काढ, कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धर, मागून दिसेल ते गिरवून त्याला दे. अंगठी ताब्यात घेण्याआधी प्लॅस्टिसिनवर (मुलांच्या खेळायच्या मऊ मातीवर) दाबून ठसा बघ.

सोनं आपल्या सवयीचं २२ कॅरटचं नको, कडा लवकर झिजतात. ९ किंवा १८ घे. माथा भरीव हवा, साधारण २ मिलिमीटर जाड. मागून पोकळ असली तर खोल कोरता येत नाही, आणि उथळ कोरलेलं फक्त दिसायला. तिकडच्या रिवाजाप्रमाणे ती डाव्या करंगळीत घालतात. माप संध्याकाळी दे, सकाळी बोट बारीक असतं.

शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा कागदावर शाईनं उमटे. तुला मात्र लाख लागेल. युरोपात पत्रं बंद करायची लाख भारतातूनच जायची! कांडी ज्योतीच्या वर धर, ज्योतीत नको, नाहीतर काजळीनं लाल रंग काळवंडतो. रुपयाएवढा थेंब पाड, दहाएक सेकंद थांब. तेवढ्यात अंगठी बर्फावर टेकवून पुसून घे. गरम सोन्याला लाख चिकटते आणि अक्षर उपटून येतं. सरळ दाब, हलवू नकोस, लाख घट्ट झाली की सरळ वर उचल.

पहिला ठसा मला पाठव. पण ते पाकीट दुसऱ्या जाड पाकिटात घाल, टपालाच्या यंत्रात लाखेचे तुकडे होतात.

तुझा,
मधू