विसापुढची अमिनो आम्ले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रथिने २० अमिनो आम्लांपासून बनतात, हे वाक्य पाठ्यपुस्तकांत आणि वृत्तपत्रांतील विज्ञानलेखांतही इतक्या निःशंकपणे छापले जाते की त्याला अपवाद आहेत, याची वाचकाला शंकाही येत नाही. हे अपवाद सूक्ष्मजीवांच्या अभ्यासातून पुढे आले आणि ते किरकोळ नाहीत, म्हणून हे पत्र.

थ्रेसा स्टॅडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एका क्लॉस्ट्रिडियम जीवाणूच्या विकरात (एन्झाइममध्ये) सेलेनोसिस्टीन हे एकविसावे अमिनो आम्ल ओळखले. त्याची रचना विसांपैकी एक असलेल्या सिस्टीनसारखीच असते, फक्त गंधकाच्या जागी सेलेनियम असते. पण तेवढ्या फरकाने रासायनिक क्रियाशीलता पुष्कळ वाढते. ई. कोलाय जीवाणूत फॉर्मेटचे विघटन करणाऱ्या विकरात सेलेनोसिस्टीन काढून साधे सिस्टीन बसवले, तर विकराचा वेग शेकडो पटींनी घटतो. सेलेनियम मिळवण्याचा आणि हाताळण्याचा खटाटोप जीवाणू का करतो, याचे उत्तर मला यात दिसते.

हे आम्ल प्रथिनात पोहोचते कसे, हा भाग तर मला सर्वांत विलक्षण वाटतो. १९८६ मध्ये ऑगस्ट बॉक यांच्या गटाने दाखवले की ई. कोलायमध्ये त्याचा जनुकीय संकेत यूजीए हा तीन अक्षरी शब्द आहे, आणि यूजीए म्हणजे एरवी प्रथिनाची साखळी थांबवण्याची आज्ञा. मात्र या संकेताच्या लगेच पुढे संदेशवाहक आरएनएची (जनुकातील माहिती वाहून नेणाऱ्या रेणूची) एक विशिष्ट घडी असेल, तर सेलबी नावाचे प्रथिन त्या घडीला धरून सेलेनोसिस्टीन वाहणारा टीआरएनए (अमिनो आम्ल वाहून आणणारा आरएनए रेणू) रायबोसोमपाशी, म्हणजे पेशीतील प्रथिने जोडणाऱ्या यंत्रणेपाशी, आणते आणि साखळी पुढे वाढते. त्याहून नवल असे की, या टीआरएनएवर आधी सेरीन हे नेहमीचे अमिनो आम्ल चढते आणि त्याचे सेलेनोसिस्टीन त्या टीआरएनएवरच घडवले जाते.

बाविसावे आम्ल, पायरोलायसिन, २००२ मध्ये मिथेन निर्माण करणाऱ्या मेथॅनोसार्सिना या आर्कियात (जीवाणूंहून वेगळ्या गटातील सूक्ष्मजीवात) सापडले. त्याचा संकेत यूएजी, म्हणजे तीही एरवी थांबण्याचीच खूण. हे आम्ल लायसिन या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंपासून आधीच तयार होते आणि त्याच्यासाठी राखीव असलेले विकर त्याला टीआरएनएवर चढवते. पुढे काही जीवाणूंतही त्याची जनुके आढळली.

‘हे सूक्ष्मजीवांपुरते आहे, सामान्य वाचकाला त्याचे काय’ असे कोणी म्हणेल. माणसाच्या जनुकसंचातही सेलेनोसिस्टीन असलेल्या प्रथिनांची २५ जनुके आहेत. शिवाय जनुके शोधणारी संगणकप्रणाली यूजीए दिसताच प्रथिन संपले असे मानते, तेव्हा अशी प्रथिने माहितीसंचात अर्धवट नोंदली जातात किंवा नोंदवलीच जात नाहीत. तेव्हा आपल्या विज्ञान पुरवणीत पुढच्या वेळी २० अमिनो आम्लांचा उल्लेख येईल, त्यासोबत या दोन आम्लांसाठीही एखादे वाक्य द्यावे, ही विनंती.

आपला,
एक विज्ञानप्रेमी वाचक