किलीमांजारो मचामे रूट: पैसे 7 दिवसांचे घेतले, ट्रेक 6 दिवसांत उरकला

प्रति,
कस्टमर केअर आणि ट्रेक मॅनेजर

विषय: किलीमांजारो ट्रेकमधला एक दिवस न विचारता कापल्याबद्दल, कबूल केलेला दुसरा गाईड मध्येच काढून घेतल्याबद्दल आणि आमच्या नावाने खोटी पोस्ट टाकल्याबद्दल तक्रार

नमस्कार,

फेब्रुवारीत मी आणि माझी नणंद, आम्ही दोघींनी तुमच्याकडून टांझानियातल्या किलीमांजारो पर्वताचा प्रायव्हेट ट्रेक घेतला होता. आल्यापासून व्हॉट्सअॅपवर लिहून झालं, फोन करून झाले, दर वेळी ‘टीमशी बोलून कळवतो’ एवढंच ऐकायला मिळालं, आणि नणंदेला वर उंचीचा त्रास झाला त्यावर शेवटी जे उत्तर आलं ते असं की ‘मॅडमचं वय बघता हाइट सूट झाली नसेल’. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. का मान्य नाही ते सगळं नीट लिहितेय, मेल लांब झालाय पण कृपया शेवटपर्यंत वाचा आणि ज्यांनी हा ट्रेक ठरवला त्यांनाही वाचायला द्या.

तुमच्या कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, मचामे रूट, डोंगरावर 7 दिवस 6 रात्री, दोघींसाठी एक मुख्य गाईड आणि एक असिस्टंट गाईड, रोज सकाळ संध्याकाळ ऑक्सिजन चेक, इमर्जन्सीसाठी सिलिंडर सोबत. आम्ही भाव पाहून नाही तर हे वाचून तुमच्याकडे आलो. स्वस्त पॅकेज बाजारात खूप होती, 6 दिवसांचंही होतं, ते लोक करतातही, पण आम्हाला ते नकोच होतं. ताईंनी (नणंदेला मी ताईच म्हणते) बुकिंगच्या आधी तुमच्या ऑफिसात बसून हाच प्रश्न विचारला होता की वाटेतल्या करंगा कॅम्पला मुक्काम आहे ना, आणि तुमच्या माणसाने नकाशावर बोट ठेवून सांगितलं की आहे, म्हणूनच तर आपला सक्सेस रेट चांगला आहे.

मचामे गेटवर रजिस्टरमध्ये नाव, वय, देश, रूट, किती दिवस हे सगळं लिहायचं असतं. माझी सही करायची वेळ आली तेव्हा दिवसांच्या रकान्यात गाईडने आधीच 6 लिहिलेलं होतं. मी म्हटलं चुकलंय, सात करा, तर तो बिचारा अवघडून म्हणाला की परमिटच सहा दिवसांचं आहे, ऑफिसने तेवढेच पैसे भरलेत. मी तिथूनच तुमच्या नंबरवर फोन लावला, तुमच्या माणसाने सांगितलं की मॅडम तुम्ही वर जा, आम्ही लोकल ऑपरेटरशी बोलतो, वरच्या वर अॅडजस्ट होईल. गेटवर पोर्टर सामान वजन करून उभे होते, आमच्या बॅगा बांधून झाल्या होत्या, लेखी काही मिळेना, आणि तुमच्या त्या शब्दावर आम्ही निघालो. अॅडजस्ट काहीही झालं नाही.

आता हा एक दिवस म्हणजे काय ते बघा, कारण तुमच्याकडून आलेल्या मेसेजमध्ये ‘फक्त एक रेस्ट डे कमी झाला’ असं लिहिलंय. तो रेस्ट डे नव्हता. शिरा केव्हच्या कॅम्पवरून, म्हणजे 3750 मीटरवरून, लाव्हा टॉवरपर्यंत साधारण 4600 ला चढायचं आणि झोपायला परत खाली बरांकोला 3976 ला यायचं, ही रूट अशी आखलीय कारण उंच जाऊन खाली झोपलं की शरीर हळूहळू जुळवून घेतं. 7 दिवसांच्या ट्रेकमध्ये त्याच्या दुसऱ्या दिवशी बरांको वॉल चढून करंगाला मुक्काम असतो, तोही 4000 मीटरच्या आसपासच, म्हणजे शरीराला त्या उंचीवर अजून एक अख्खी रात्र मिळते. मग तिसऱ्या दिवशी थोडं चालून दुपारी शेवटच्या कॅम्पला, बराफूला, 4673 मीटरवर पोहोचायचं, जेवायचं, झोपायचं आणि मध्यरात्री समिटला, म्हणजे शिखराकडे निघायचं. तुम्ही करंगाची ती रात्रच काढून टाकलीत.

झालं असं की सकाळी आम्ही बरांकोहून निघालो, ती अडीचशे मीटरची भिंत हातापायांनी चढलो, आणि सांगायला आनंद होतो की ताई तिथे माझ्यापेक्षा पुढे होत्या. दुपारी करंगाला जेवलो, बाकीचे ग्रुप तिथे तंबू लावत होते, आणि आम्ही उठून परत चढायला लागलो. करंगाच्या ओढ्यानंतर वर पाणी नाही, त्यामुळे आमचे पोर्टर त्यांच्या ओझ्याशिवाय बराफूसाठीचं पाणीही तिथूनच वाहून नेत होते. त्यातल्या एका मुलाच्या बुटाचा तळवा पुढून सुटला होता, त्याने तो सुतळीने बांधलेला, आणि ती सुतळी दगडाला घासून तुटली की तो ओझं खाली ठेवून परत गाठ मारायचा. आम्ही दिवस मावळता बराफूला पोहोचलो तेव्हा ताईंचं डोकं ठणकत होतं आणि दोन घास सूपही जात नव्हतं.

संध्याकाळचा ऑक्सिजन चेक तेव्हा सगळ्यात गरजेचा होता. गाईडचा ऑक्सिमीटर चालूच होईना, सेल संपलेले, त्याच्याकडे दुसरे नव्हते, शेवटी मी माझ्या हेडटॉर्चचे जादाचे सेल काढून दिले तेव्हा ताईंचं रीडिंग मिळालं. बरांकोला सकाळी 88 होतं ते 76 आलं. गाईडने प्रामाणिकपणे सांगितलं की अजून एक रात्र मिळाली असती तर बरं झालं असतं, पण परमिट परवाच संपतंय. त्या माणसाबद्दल आमची काहीच तक्रार नाही, हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर तुम्ही सगळं त्याच्यावर ढकलाल. त्याने आम्हाला पहिल्या दिवसापासून जपलं, पोले पोले (स्वाहिलीत ‘हळूहळू’) म्हणत आमचा वेग कधी वाढू दिला नाही.

आणि असिस्टंट गाईड? तो बराफूला पोहोचल्यावर दुसऱ्या ग्रुपकडे पाठवला गेला, त्यांचा गाईड आजारी पडला होता म्हणे. लोकल ऑपरेटरने परस्पर ठरवलं. तो गेला आणि ऑक्सिजनचा सिलिंडर त्याच्याच सॅकमध्ये होता, तोही गेला. मध्यरात्री आम्ही दोघी आणि एक गाईड एवढेच निघालो. ताईंची डोकेदुखी गोळीने कमी झाली होती, त्यांना जायचं होतं, गाईडने पुन्हा चेक करून हो म्हटलं. बराफूच्या वरची ती चढण तुम्हाला माहीत असेलच, ज्वालामुखीची बारीक राख आणि खडी, पाय टाकला की अर्धा मागे घसरतो, बाटलीतलं पाणी गोठलेलं, आणि वर जाऊ तसा ऑक्सिजन खालच्या मानाने निम्म्यावर येतो. स्टेला पॉइंटला, म्हणजे क्रेटरच्या (ज्वालामुखीच्या तोंडाच्या) काठावर 5756 मीटरवर आम्ही उजाडता उजाडता पोहोचलो. डाव्या हाताला हिमनदीची निळसर कड दिसत होती, उजवीकडे क्रेटर, समोर उहुरू पीकची, म्हणजे सगळ्यात उंच टोकाची वाट जवळपास सपाटच, तासाभराचं काम. तिथे ताईंना उलटी झाली, मग त्या उभ्या राहताना एका बाजूला झुकायला लागल्या, गाईडने सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं, त्यांना जमलं नाही. त्याने लगेच सांगितलं, खाली, आत्ता.

उहुरू पीक 5895 मीटर आहे. राहिले होते 139 मीटर. दुसरा गाईड असता तर तो ताईंना घेऊन खाली गेला असता, सिलिंडर असता तर जागेवरच ऑक्सिजन लावता आला असता, आणि ताई स्वतः मला म्हणत होत्या की तू जाऊन ये, माझ्यासाठी थांबू नकोस. पण एकच गाईड असताना मी पुढे कुणाबरोबर जाणार? आम्ही तिघंही उतरलो. ताईंना सोडून जायचा विचार माझ्या मनात तेव्हाही नव्हता आणि आजही खाली आल्याचं मला जराही वाईट वाटत नाही, बराफूपर्यंत येता येता त्या नीट बोलायला लागल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. वाईट याचं वाटतं की ही वेळ त्यांच्यावर तुमच्यामुळे आली, आणि आता तुम्ही म्हणताय की वय झालं. ताई 54 वर्षांच्या आहेत. आमच्या नाशिककडचे किल्ले, कळसूबाई, साल्हेर त्यांनी या ट्रेकच्या तयारीसाठी पाठीवर वजन घेऊन चढलेत, स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट तुम्हीच मागितला होता आणि तुम्हीच पास केला होता. उंचीचा त्रास वय बघून होत नाही, पंचविशीतल्या धडधाकट मुलांनाही होतो, आणि तो टाळायचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे वेळ देणं. तो वेळ आम्ही विकत घेतला होता.

आता पैशांचं. पार्कची फी दिवसाप्रमाणे असते, माणशी 70 डॉलर दिवसाचे आणि 50 डॉलर रात्रीच्या कॅम्पिंगचे, वर 18 टक्के व्हॅट, म्हणजे एका दिवसाचे माणशी 141 डॉलर 60 सेंट, दोघींचे 283 डॉलर 20 सेंट. हे तुम्ही आमच्याकडून घेतले आणि पार्कला भरलेच नाहीत. शिवाय त्या दिवसाचं जेवण, गाईडचा पगार, पोर्टरची मजुरी. हो, पोर्टरचीही, कारण त्यांना दिवसाप्रमाणे पैसे मिळतात, एक दिवस कापला की त्यांचाही रोज बुडाला, आणि दोन दिवसांचं ओझं त्यांनी एका दिवसात वाहिलं. त्या सुतळी बांधलेल्या मुलाचा रोज कुणी खाल्ला ते मला कळलंच पाहिजे. तिथे किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट म्हणून संस्था आहे, पोर्टरना पगार, जेवण, तंबू नीट मिळतो का ते बघते आणि तसं वागणाऱ्या कंपन्यांना पार्टनर करून घेते. तुम्ही पुढे ज्या कुणाला ट्रेक द्याल तो त्यांचा पार्टनर असावा, ही माझी मागणी आहे.

आणि सगळ्यात जास्त राग आला तो तुमच्या इन्स्टाग्रामच्या पोस्टचा. आमचा बराफूचा फोटो टाकून त्यावर ‘नणंद भावजयीची उहुरू पीकवर यशस्वी चढाई, 100 टक्के समिट’ असं लिहिलंय. आम्ही उहुरूला पोहोचलो नाही. आम्हाला सर्टिफिकेट स्टेला पॉइंटचं मिळालंय, ताईंनी ते फ्रेम करून लावलंय, त्यांना त्याचा अभिमान आहे आणि मलाही. ती पोस्ट बघून ताईंना ओळखीतल्या बायकांचे अभिनंदनाचे फोन येतात आणि त्या प्रत्येकीला खरं सांगत बसतात. दुसरी कुणी बाई हा 100 टक्केचा आकडा बघून आपल्या आईला घेऊन तुमच्याकडे येईल त्याचं काय?

त्यामुळे मला हे हवंय. कापलेल्या दिवसाचे पार्क फीसह सगळे पैसे आणि असिस्टंट गाईडचे पैसे हिशोब दाखवून परत करा. ती पोस्ट काढा आणि त्याच पेजवर दुरुस्ती टाका की दोघी स्टेला पॉइंटपर्यंत गेल्या होत्या. परमिट सहा दिवसांचं काढायचं कुणी ठरवलं, तुम्ही की लोकल ऑपरेटरने, ते लेखी कळवा. पोर्टरना त्या दिवसाची मजुरी पोहोचवा आणि पोहोचल्याचं मला दाखवा. आणि ताईंना वयावरून जे लिहिलंत त्याबद्दल त्यांची माफी मागा, मला नाही, त्यांना, फोन करून.

कोटेशन, पैसे भरल्याची पावती, गेटवरच्या रजिस्टरचा फोटो आणि तुमचे व्हॉट्सअॅप मेसेज सोबत जोडलेत. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 2019 च्या कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच, म्हणजे नाशिकलाच, केस करता येते, त्यामुळे तुमचं ऑफिस मुंबईत आहे ही अडचण माझी नाही. ताईंचा नंबर तुमच्याकडे आहे, त्या संध्याकाळी सहानंतर घरी असतात.

कळावे,
तुमची फेब्रुवारीच्या ट्रेकची ग्राहक, नाशिक