बोल्टनहून बाबांना पत्र, सूत कातणाऱ्या मशीनबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. न.

मी बरी आहे, ड्युटी चालू आहे, थंडी आता कमी झालीय. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, आई मधेच जेवलीस का विचारते आणि विषय राहून जातो, म्हणून टाईप करून पाठवतेय. दादाला सांगा अक्षर मोठं करून द्यायला.

बाबा, मी ज्या गावात राहते ना, इंग्लंडमधलं मँचेस्टरजवळचं बोल्टन, तिथे सॅम्युअल क्रॉम्प्टन नावाचा माणूस होऊन गेला. तुम्ही गिरणीत रिंग खात्यात, सूत कातण्यातच, आयुष्य काढलंत म्हणून त्याची गोष्ट तुम्हालाच सांगावीशी वाटली. हा १७५३ चा जन्म. लहानपणीच वडील गेले, आई सूतकताई करून घर चालवायची, आणि हॉल इथ वुड नावाच्या एका जुन्या मोठ्या वाड्यात दोनचार खोल्या भाड्याने घेऊन राहायचे. तो वाडा अजून आहे, मी बघून आले. सोळा वर्षांचा असताना तो जेनीवर सूत काढायला लागला, म्हणजे हारग्रीव्ह्जची स्पिनिंग जेनी, एका चाकावर खूप चात्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या फिरत्या काड्या, फिरवणारी. पण जेनीचं सूत कच्चं, सारखं तुटायचं, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, चालायचं नाही, फक्त बाण्याला, आडव्या धाग्याला. दुसरीकडे आर्कराइटचं पाण्यावर चालणारं मशीन, १७६९ चं पेटंट, त्याचं सूत मजबूत पण जाडं. त्यात रोलर होते, पुढचा मागच्यापेक्षा जोरात फिरतो आणि पेळू, म्हणजे कापसाची वात, ओढून बारीक होतो. बाबा, हे तुमच्या रिंगमध्येपण तेच ना? ती रोलरची कल्पना आर्कराइटचीपण नाही, लुईस पॉलने १७३८ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं, पण नाव आणि पैसा आर्कराइटला मिळाला.

क्रॉम्प्टनने पाच वर्षं खपून दोन्ही एकत्र केले. रोलर कापूस ओढतात आणि त्याच वेळी चात्या बसवलेली गाडी चाकांवर मागे सरकते, सूत ताणलं जातं, पीळ बसतो, मग गाडी पुढे येताना तेच सूत चातीवर गुंडाळलं जातं. १७७९ मध्ये तयार झालं, पहिल्यात ४८ चात्या होत्या. हत्यारं घ्यायला पैसे नव्हते तर बोल्टनच्या नाटकगृहात व्हायोलिन वाजवून कमवायचा आणि रात्री जागून मशीन करायचा, शेजाऱ्यांना वाटायचं वाड्यात भूत आहे, इतके आवाज यायचे म्हणे. त्याच वर्षी इकडे कामगारांनी मशिनं फोडायला सुरुवात केली, तर ह्याने सगळे भाग सुटे करून माळ्यावर लपवले. ह्या मशीनला पुढे म्यूल म्हणायला लागले. त्यावर त्याने ८० नंबरचं सूत काढलं, एवढं बारीक की इंग्लंडमध्ये मलमल विणायला लागले, नाहीतर तोपर्यंत चांगली मलमल म्हणजे बंगालचीच. पुढे तिकडच्या कातणाऱ्यांचं आणि विणकरांचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता जे मला सांगायचंय ते. पेटंट घ्यायला त्याच्याकडे पैसेच नव्हते. गिरणीवाले खिडकीला शिड्या लावून बघायला यायचे असं सांगतात, शेवटी कंटाळून त्याने वर्गणीच्या बोलीवर मशीन सगळ्यांसाठी खुलं केलं, मोठमोठ्या लोकांनी सह्या केल्या आणि हातात पडले जेमतेम ६० पौंड. आर्कराइट मात्र सर झाला, गडगंज होऊन मेला. १८११ मध्ये क्रॉम्प्टन स्वतः गिरण्या गिरण्या फिरला, मोजलं तर त्याच्या पद्धतीच्या चाळीस लाखांच्या वर चात्या चालू होत्या! तो आकडा घेऊन पार्लमेंटकडे गेला. पंतप्रधान पर्सिव्हल मोठी रक्कम मांडणार होते असं सांगतात, पण ११ मे १८१२ ला पार्लमेंटच्या लॉबीतच त्यांचा गोळी घालून खून झाला, आणि क्रॉम्प्टनला मंजूर झाले ५,००० पौंड, तेही धंद्यात गेले. १८२७ मध्ये गरिबीतच वारला. १८६२ मध्ये गावाने त्याचा पुतळा उभारला. मला ह्या माणसाचं फार वाईट वाटतं बाबा, मी त्या चौकातून जाते तेव्हा दर वेळी बघते त्याच्याकडे.

अजून एक ऐका, हे तुम्हाला लागेल. सुरुवातीच्या म्यूलला गाडी परत ढकलायला आणि सूत नीट गुंडाळायला कसबी माणूस लागायचा, ते स्पिनर संघटित होते, संप करायचे. तर मालक लोक मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सकडे गेले आणि म्हणाले, ह्या लोकांशिवाय चालेल असं मशीन करून दे. त्याने आधी नाही म्हटलं, मग केलं, १८२५ आणि १८३० अशी दोन पेटंटं, आपोआप चालणारा म्यूल. मी हे वाचलं तेव्हा मला मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संपच आठवला, म्हणजे मी तेव्हा नव्हते, पण तुम्ही आणि आईने जे सांगितलंय ते. अडीच लाख लोक बाहेर बसले, मालक टाळे लावून मोकळे झाले आणि पुढे गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. शोध लावणं ही मोठी गोष्ट, पण कोण कशासाठी लावायला सांगतो हेही बघायलाच पाहिजे असं मला वाटतं. आणि रॉबर्ट्सपण १८६४ मध्ये गरिबीतच मेला, मालकांनी त्यालाही काही ठेवलं नाही.

मी नर्स म्हणून अजून एक सांगते, म्यूलच्या चात्यांवरून उडणारं तेल कपड्यांतून अंगाला लागून इथल्या कामगारांना कातडीचा कॅन्सर व्हायचा, १९२० च्या दशकात मँचेस्टरच्या डॉक्टरांनी ते दाखवून दिलं. आणि कापसाच्या धुळीने छाती भरणं हा तर आपल्याकडचा रोजचाच आजार, म्हणून तुमचा तो सोमवारी वाढणारा खोकला मी एवढा विचारत असते. डॉक्टरांना गिरणीत किती वर्षं होतो ते सांगायचंच, ते आपण होऊन विचारत नाहीत.

इथून ओल्डहॅम जवळ आहे, तिथली गिरण्यांची मशिनं बनवणारी प्लॅट ब्रदर्स कंपनी एकेकाळी जगातली सगळ्यात मोठी, मुंबईच्या गिरण्यांत त्यांची पुष्कळ मशिनं होती. म्हणून विचारायचंय, तुमच्या रिंगच्या बीडाच्या फ्रेमवर कोणाचं नाव ओतलेलं होतं, आठवतं का? किती चात्यांच्या बाजू सांभाळायचात आणि कुठल्या नंबरचं सूत काढायचात, तेही दादाला सांगून मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा. घाई नाही, पण नक्की पाठवा.

आईला सांगा मी जेवते वेळेवर.

तुमची
सुमा