फेब्रुवारीतच या: कराटूहून आई-बाबांना पत्र

कराटू, टांझानिया
19 फेब्रुवारी

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई "जेवलीस का" आणि बाबा "सिंह दिसला का" एवढे विचारून फोन ठेवतात, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. वेळेवर जेवते आहे, आणि सिंह इतके दिसले की चौथ्या दिवसापासून मोजणे सोडून दिले. परंतु हे पत्र सिंहांसाठी नाही. पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर इथे यावे असे माझ्या मनाने घेतले आहे, आणि त्यातल्या अडचणीही न लपवता सांगाव्यात म्हणून हा खटाटोप.

टांझानियातले सेरेंगेटी अभयारण्य म्हटले की सगळे जण जुलै ते ऑक्टोबरचा काळ सुचवतात, कारण त्या दिवसांत विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप मारा नदी ओलांडतात आणि पाण्यात मगरी टपलेल्या असतात. ते दृश्य मोठे असेलही; पण त्यासाठी नदीकाठी गाड्यांच्या गर्दीत तासन्‌तास ताटकळावे लागते, आणि कधी कधी कळप काठापर्यंत येऊन माघारी फिरतात. बाबांच्या कमरेला ते सोसणार नाही. शिवाय आईला जे पाहायला आवडेल ते फेब्रुवारीतच, दक्षिणेकडच्या नदुतूच्या माळावर घडते.

10 लाखांहून अधिक विल्डबीस्ट आणि सुमारे 2 लाख झेब्रे वर्षभर पावसाच्या आणि गवताच्या मागे गोल फिरत असतात. ही फेरी कुठे सुरू होते आणि कुठे संपते असे काही नाही, पण विल्डबीस्ट वितात मात्र इथेच. त्याचे कारण मला फार आवडले. गोरोंगोरो परिसरातल्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षे या माळावर पडत आली. तिच्यामुळे जमिनीत पृष्ठभागाजवळच टणक थर तयार झाला, त्यात झाडांची मुळे शिरत नाहीत, आणि उगवते ते केवळ बोटभर गवत. परंतु त्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते. थोडक्यात, ओल्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यावेत तशी ही जमीन आहे. उघड्या माळावर शत्रू लांबून दिसतो, हा आणखी एक फायदा.

परवा सकाळी आमच्या चालकाने काही न बोलता गाडीचे इंजिन बंद केले. वीस पावलांवर एक मादी आडवी पडली होती आणि वासराचे पुढचे दोन पाय बाहेर आले होते. ती मध्येच उठली, चार पावले चालली, पुन्हा बसली, आणि वासरू ओल्या पोत्यासारखे गवतावर पडले. मी घड्याळ लावले. वासराने पहिल्यांदा उठायचा प्रयत्न केला तेव्हा मागचे पाय उभे राहिले आणि तोंड जमिनीवर आपटले. दुसऱ्यांदा ते कुशीवर कोसळले. सातव्या मिनिटाला ते चारही पायांवर उभे होते आणि थोड्याच वेळात आईच्या पोटाला खेटून पळू लागले. मादीची वार अजून लोंबत होती आणि ती पडण्याची वाट पाहत दोन कोल्हे मागे बसले होते. आई, तुझ्या माहेरच्या गोठ्यात गाय व्यायची तेव्हा तू रात्रभर कंदील घेऊन बसायचीस असे तू सांगतेस; इथे कंदील नाही आणि रात्रभर बसण्याची सवडही नाही, कारण टेकाडाआड तरस असते. बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या अवधीतच वितात, त्यामुळे एकाच वेळी इतकी वासरे होतात की खाणारे खाऊन थकतात आणि उरलेली जगतात. हिशेब क्रूर आहे, पण पाहताना मला तो क्रूर वाटला नाही.

बाबा, तुम्ही विचारणार की तिथल्या माणसांचे काय, म्हणून आधीच सांगते. 1959 साली मसाई या गुरे पाळणाऱ्या जमातीच्या लोकांना सेरेंगेटी उद्यानातून बाहेर काढले आणि शेजारच्या गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात गुरांसह राहण्याची मुभा दिली. आता तिथूनही त्यांनी दूर मसोमेरा इथे जावे अशी सरकारची योजना 2022 पासून सुरू आहे. लाल शुका (त्यांची चादर) पांघरलेली, जेमतेम दहा वर्षांची मुले झेब्र्यांच्या शेजारून गाई हाकताना दिसली, तेव्हा मला ताडोबातून उठलेली गावे आठवली. या विषयावर चालक मोजकेच बोलला, मीही फार खोदून विचारले नाही.

गोरोंगोरोचे विवर काल पाहिले. खचलेल्या ज्वालामुखीची ही परात सुमारे 600 मीटर खोल असून तिचा तळ सुमारे 260 चौरस किलोमीटर आहे. काळा गेंडा दुर्बिणीतून ठिपक्याएवढा दिसला, तेवढ्यावर समाधान मानले. तुम्ही बांधून दिलेल्या दशम्यांपैकी शेवटची मी तळ्याकाठी उघड्यावर खायला काढली आणि घारीने ती हातातून उचलून नेली. तिथे जेवण गाडीत बसूनच करावे हे मला आधी सांगितले होते, मी ऐकले नव्हते. त्यावर चालकाने हसत आपल्या डब्यातली 'चपाती' पुढे केली. त्यांच्या स्वाहिली भाषेतही तिला चपातीच म्हणतात, गाडीला 'गारी' आणि दुकानाला 'दुका' म्हणतात. 'सफारी' म्हणजे प्रवास. आपली 'सफर' आणि हा शब्द दोन्ही अरबीतूनच आले. आणि तारांगीरे उद्यानात ज्या अजस्र झाडांखाली हत्ती उभे होते ती आपली गोरखचिंच, वसईला आपण पाहिली तीच.

आता अडचणी. रस्ते कच्चे आहेत आणि धक्के इतके बसतात की चालक मंडळी त्याला 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. म्हणून तुमच्यासाठी रोज चार तासांहून अधिक गाडी नको आणि एका मुक्कामी किमान तीन रात्री राहायचे, असे मी ठरवले आहे. माळावर शौचालय क्वचितच सापडते. गाडीच्या आडोशाला जावे लागेल, आणि तेही चालकाने आजूबाजूला नजर टाकल्यावर. खरा प्रश्न पीतज्वराच्या लसीचा आहे. मी नैरोबीमार्गे आले, आणि केनियातून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना तिचा त्रास होण्याचा धोका अधिक असतो. तेव्हा बाबांच्या हृदयाची आणि आईच्या संधिवाताची सगळी औषधे लिहून डॉक्टरांना दाखवा आणि ते काय म्हणतात ते मला शब्दशः कळवा. ते नको म्हणाले तर विषय तिथेच संपला. मी रुसणार नाही.

ते हो म्हणाले तर एक लक्षात ठेवा. विवराच्या कडेवर पहाटे चांगलीच थंडी असते, पण बाबांनी तो गडद निळा स्वेटर आणू नये. त्सेत्से माश्या निळ्या आणि काळ्या रंगावर हटकून येऊन बसतात आणि कापडातूनही चावतात. आईने विणलेला राखाडी स्वेटर माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे, तो काढून एकदा उन्हात घालावा.

तुमची,
धाकटी