पिवळ्या प्रतीवरचे लाल फाऊल

काका,
साष्टांग नमस्कार.

परवाच्या सत्कारात तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं. खांद्यावर शाल, हातात नारळ, समोर माईक, आणि मी शाळेच्या सरांपासून एकेकाचं नाव घेत गेलो. खाली उतरल्यावर आई म्हणाली, "अरे, स्कोअरच्या काकांचं काय?" तेव्हापासून जिवाला चैन नाही. चारचौघांत राहिलेले आभार चारचौघांतच मानायला हवेत, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. नाव मात्र लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

आपल्या नाशिकचं नाव कविता राऊतनं धावून मोठं केलं, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला ब्राँझ आणलं. दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये वल्हवून आला. बास्केटबॉल म्हटलं की लोक नागपूर, पुणे, नाहीतर मुंबईतल्या नागपाड्याचं नाव घेतात. आपल्याकडे मॅचेस होतात, पोरंही येतात, पण स्कोअर लिहायच्या टेबलावर शेवटच्या मॅचपर्यंत बसणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातले तुम्ही. अंबडच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून, युनिफॉर्म न बदलता, जेवणाचा डबा खुर्चीखाली ठेवून बसायचे.

तो डिसेंबर मी विसरणार नाही. पंचवटीतलं सिमेंटचं कोर्ट, थंडीनं दगड झालेला चेंडू, सोळा वर्षांखालची मॅच. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच माझा पाचवा फाऊल झाला आणि मी बाहेर. आम्ही हरलो. मी पाण्याच्या ड्रमामागे जाऊन रडत होतो. तुम्ही समजूत घातली नाहीत. म्हणालात, "ए अकरा नंबर, रडून झालं की इकडे ये."

स्कोअरशीटची पांढरी प्रत तेव्हा मी पहिल्यांदा जवळून पाहिली. स्कोअरर म्हणजे पॉइंट मोजणारा माणूस, एवढंच मला माहीत होतं. तुम्ही बोट ठेवून दाखवत गेलात. सुरुवातीच्या पाच जणांच्या नावापुढच्या फुलीभोवती गोल असतो, बदली म्हणून उतरतो त्याची नुसती फुली. तीन पॉइंटचा बास्केट असेल तर नंबरभोवती गोल. फ्री थ्रो गेला की भरीव ठिपका. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनानं, दुसरा आणि चौथा निळ्यानं. मग माझ्या रांगेवर बोट आणलंत.

"पाचांपैकी लाल किती?"

"चार."

"मग तुझा हात वाईट नाही, पाय गार आहेत. बसून उठलास की पहिली तीन मिनिटं पाय उशिरा पोचतात. पाय उशिरा पोचले की हात पुढे जातो."

काका, तोवर सगळे मला सांगायचे की डोकं शांत ठेव. डोकं शांत कसं ठेवायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. पाय गरम कसे ठेवायचे, हे मात्र लगेच करण्यासारखं होतं.

हरलेल्या संघाला पिवळी प्रत मिळते, जिंकलेल्याला गुलाबी. कार्बनखालून रंग उतरत नाहीत, म्हणून तुम्ही पांढऱ्या प्रतीवर बघून माझ्या पिवळ्या प्रतीवरचे चार फाऊल लाल पेनानं गिरवून दिलेत. घडीवर विरलेला तो कागद आजही माझ्या किटबॅगच्या आतल्या खणात आहे.

दुसरा उपकार त्याहून मोठा. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स या संघानं सतनाम सिंगला ५२ व्या क्रमांकावर निवडलं, एनबीए ड्राफ्टमधला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीतला, तो पहिला भारतीय. मी तेव्हा आठवीत होतो आणि आपलंही तसंच होणार असं धरून चाललो होतो. मोठा झाल्यावर कळलं की इथे या खेळावर पोट भरायचं तर बहुतेकांना रेल्वे, ओएनजीसी किंवा सैन्यदलाच्या संघात शिरावं लागतं, आणि जागा मोजक्या. एका संघानं मला ट्रायलला बोलावलं, तीन आठवडे ठेवून घेतलं आणि घरी आल्यावर फोनवर नाही म्हणून कळवलं. मी कोर्टाकडे जाणं सोडलं. तुम्ही घरी आलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "रविवारी शॉट क्लॉकला माणूस नाही. येशील?"

दोन महिने मी तुमच्या शेजारी बसून २४ सेकंदांचं बटण दाबलं, चेंडू हातात आला की तेवढ्या वेळात बास्केटवर फेकावा लागतो. चेंडू रिंगला लागून परत आपल्याच संघाकडे आला तर २४ नाही, १४ सेकंद मिळतात. हा नियम मला पाठ होता, पण १४ सेकंद किती कमी असतात ते बटणावर बोट ठेवल्यावर समजलं. रिबाऊंड, म्हणजे असा परत आलेला चेंडू, पकडणारी पोरं चेंडू छातीशी धरून इकडेतिकडे बघत राहतात आणि घड्याळ पळतं. मीही तेच करत होतो. आता रिबाऊंडसाठी उडी मारतानाच पुढचा पास ठरलेला असतो. नंतर ज्या ट्रायलमध्ये माझी निवड झाली, तिथल्या कोचनी नेमकं याचंच नाव काढलं.

करार एका सीझनचा आहे, रक्कम फार नाही, आणि बारा जणांत मी अकरावा. म्हणजे बसणंच जास्त. कधी वीस मिनिटं बसून तीन मिनिटांसाठी उतरायचं असतं, आणि नवीन पोरं तिथेच फाऊल करून परत बसतात. मी टाचा हलवत राहतो. हाफटाइमच्या पंधरा मिनिटांतली शेवटची पाच बाजूच्या रेषेवर डावी-उजवीकडे सरकण्यात घालवतो. सोबतचे विचारतात हे काय चाललंय. मी सांगतो, नाशिकच्या काकांनी शिकवलंय.

पाकिटात गेल्या मॅचची गुलाबी प्रत ठेवली आहे, मॅनेजरकडून मागून घेतली. माझ्या फुलीभोवती अजून गोल नाही. पॉइंट चार आहेत. फाऊल एकच आहे, दुसऱ्या क्वार्टरमधला, तो मी निळ्या पेनानं गिरवलाय. लाल एकही नाही, काका.

तुमचा,
अकरा नंबर